मुंबईच्या उन्हाळ्यातील तीव्र हवामान: जुन्या नोंदी काय सांगतात

विचारलेल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मुंबईत पूर्वी उन्हाळा म्हणजे नुसता घाम आणि उकाडा असे, असे अनेकांना वाटते. उष्णतेची लाट, मे महिन्यातील धुळीची वादळे आणि चक्रीवादळे ही गेल्या काही वर्षांतली नवी गोष्ट आहे का, हा पहिला भाग. जून 1882 मध्ये चक्रीवादळाने मुंबईत एक लाख माणसे मेली असे जे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते ते खरे आहे का, हा दुसरा. हवामानाची निरीक्षणे आणि अंदाज यांच्या कामात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आणि त्यातील बराच काळ कोकण किनाऱ्याच्या नोंदींशी माझा रोजचा संबंध होता. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते दिल्याशिवाय पहिल्याचे नीट देता येणार नाही.

1882 चे ते वादळ झालेच नाही. 6 जून ही तारीख आणि एक लाख हा आकडा जगातील सर्वांत प्राणघातक चक्रीवादळांच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षे छापला गेला, एका यादीतून दुसरीत उतरला, आणि मूळ नोंद कोणी तपासलीच नाही. ज्यांनी पुढे ती तपासली त्यांना कोणताही पुरावा सापडला नाही. त्यासाठी फार दूर जायची गरजही नाही. 1881 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 7,73,196 होती आणि 1891 च्या जनगणनेत ती 8,21,764 भरली. एका दिवसात आठातले एक माणूस मेले असते, तर त्याची खूण बंदराच्या व्यापारात, गिरण्यांच्या हजेरीत, स्मशानांच्या आणि दफनभूमींच्या नोंदींत आणि घरोघरच्या आठवणींत राहिली असती. शिवाय कुलाब्याची वेधशाळा त्या वेळी चांगली चालू होती. इतके मोठे चक्रीवादळ शहरावरून जावे आणि तिथल्या वायुभारमापकाला त्याचा पत्ता लागू नये, हे शक्य नाही.

या वेधशाळेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे तिच्या भरवशावर उभे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली ती आकाशातील वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. 1841 पासून तिथे चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणे नियमितपणे होऊ लागली. 1896 मध्ये नानाभॉय मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. शहरात विजेच्या ट्राम धावणार आणि त्यांच्यामुळे चुंबकीय मोजमाप बिघडणार हे ओळखून त्यांच्याच कारकिर्दीत, 1904 मध्ये, चुंबकीय काम अलिबागला हलवण्यात आले, ही मला नेहमीच मोठ्या शहाणपणाची गोष्ट वाटत आली आहे. हवामानाची निरीक्षणे मात्र कुलाब्यालाच राहिली. पुढे विमानतळाजवळ सांताक्रूझची वेधशाळा आली. आज बातम्यांत मुंबईचे तापमान म्हणून जो आकडा दिला जातो तो बहुधा सांताक्रूझचा असतो. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले आणि सांताक्रूझ जमिनीच्या बाजूला, त्यामुळे एकाच दुपारी या दोन ठिकाणी चार-पाच अंशांचा फरक पडणे नवलाचे नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944.2 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73.4. तो दिवस पावसाळ्यातला असल्याने या उत्तराच्या कक्षेत येत नाही, पण मुंबई हे हवामानाच्या दृष्टीने एक शहर नाही, एवढे त्यावरून ध्यानात ठेवावे.

आता उष्णतेकडे वळतो. मुंबईतील तापमानाचे उच्चांक मे महिन्यात होत नाहीत, ते मार्च आणि एप्रिलमध्ये होतात, हे ऐकून विदर्भातील वाचकांना आश्चर्य वाटते. सांताक्रूझचा एप्रिलचा उच्चांक 42.2 अंश सेल्सिअस असून तो 14 एप्रिल 1952 चा आहे. मार्चचा उच्चांक 41.7 अंश आहे आणि तो 28 मार्च 1956 चा आहे. अलीकडच्या काळात मार्च 2011 मध्ये 41.3, मार्च 2018 मध्ये 41 आणि मार्च 2021 मध्ये 40.9 अंशांपर्यंत पारा गेला, परंतु सत्तर वर्षांपूर्वीचे हे दोन आकडे या नोंदींना ओलांडता आले नाहीत. म्हणजे चाळिशी पार करणारी उष्णता मुंबईला नवी नाही. पूर्वी असे काही नव्हतेच, असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा पाहाव्यात.

असे का होते, याचे कारण वाऱ्यात आहे. उन्हाळ्यात रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहत असतो. सूर्य चढला की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची तुलनेने थंड हवा आत शिरते. हे खारे वारे नेहमीच्या दिवशी अकरा-बारा वाजेपर्यंत येतात आणि तापमान 33-34 अंशांवर थोपवून धरतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र काही दिवस असे येतात की पूर्वेकडील किंवा ईशान्येकडील वारे जोर धरतात. दख्खनच्या पठारावर आधीच तापलेली ही हवा सह्याद्रीवरून कोकणात उतरते, आणि उतरताना दाबली गेल्याने दर किलोमीटरमागे साधारण दहा अंशांनी आणखी तापते व कोरडी होते. ती खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरते. खारा वारा दोन-तीन तास उशिरा आला, एवढाच काय तो फरक असतो, पण त्या दोन-तीन तासांत पारा 40 च्या वर जातो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील मार्चमधील अशी एक दुपार माझ्या मनात अजून ताजी आहे. एक वाजून गेला तरी वातकुक्कुट पूर्वेकडेच तोंड करून उभा होता आणि तापमान दर पंधरा मिनिटांनी वर सरकत होते. आमचे एक वरिष्ठ निरीक्षक तापमापकाकडे पाहतच नव्हते, त्यांचे सारे लक्ष वातकुक्कुटाकडे होते. अडीचच्या सुमारास तो वळला आणि अर्ध्या तासात पारा चार अंशांनी उतरला. मुंबईचा उन्हाळा वाऱ्यावर वाचायचा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे प्रत्येक नव्या सहकाऱ्याला हेच पहिल्यांदा सांगितले.

मे महिन्यात पश्चिमेचे वारे स्थिरावतात, पारा क्वचितच 36 च्या वर जातो, आणि तरीही जिवाची काहिली होते. याचे कारण हवेतील बाष्प. शरीर घामाने थंड होते असे आपण म्हणतो, पण खरे तर घाम वाळल्याने ते थंड होते, आणि हवा बाष्पाने भरलेली असली की घाम अंगावरच राहतो. नागपूरला 45 अंशांत वाळ्याचा कूलर गारवा देतो, कारण तिथल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाळते. मुंबईत तोच कूलर खोलीतील दमटपणा वाढवतो आणि त्रासही वाढवतो. म्हणूनच हवामान विभागाचे निकष दोन ठिकाणी वेगळे आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले म्हणजे उष्णतेची लाट मानतात. किनाऱ्यावर ही मर्यादा 37 अंशांची आहे.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतील खारघर येथे दिसले. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसले होते, आणि उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. आसपासच्या केंद्रांवरील तापमान 38 अंशांच्या आसपास होते. चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा सौम्य वाटेल. पण तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. मैदानात बसलेल्या माणसाला वरून ऊन, खालून तापलेली जमीन आणि चारही बाजूंनी माणसांची दाटी यांना तोंड द्यावे लागते, आणि घाम वाळायला वाराही मिळत नाही. कार्यक्रमाची वेळ संध्याकाळची ठेवली असती तर ही माणसे आज हयात असती, असे मला मनापासून वाटते आणि ही घटना आठवली की आजही वाईट वाटते.

उष्णतेच्या बाबतीत नवे काय आहे, असे विचारले तर मी उच्चांकांऐवजी रात्रीकडे बोट दाखवेन. काँक्रीट, डांबर आणि पत्रे दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सोडतात, आणि वातानुकूलन यंत्रे घरातली उष्णता गल्लीत टाकतात. धारावी, गोवंडी, मानखुर्द अशा दाट वस्त्यांत पत्र्याखालची खोली पहाटेपर्यंत निवत नाही. वेधशाळेची पेटी हिरवळीवर उभी असते, त्यामुळे या खोल्यांतील रात्रीचे तापमान कोणत्याही अधिकृत नोंदीत उतरत नाही, ही आमच्या कामातील मोठी उणीव आहे. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचे 36 अंशही वृद्धांना आणि हृदयविकाराच्या रुग्णांना जड जातात. अहमदाबादने मे 2010 च्या भीषण लाटेनंतर 2013 मध्ये शहरासाठी उष्णता कृती आराखडा केला, आणि दक्षिण आशियात तो पहिला ठरला. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि त्यात शहरी उष्णतेचा विचार आहे. पण किनारी शहराचा इशारा कमाल तापमानावर बेतून चालणार नाही, तो दमटपणा आणि रात्रीचे तापमान यांच्यावर बेतावा लागेल.

दुसरा धोका वळवाचा. मे महिन्यात घाटमाथ्यावर आणि पठारावर दुपारनंतर उंच गडगडाटी ढग उभे राहतात. पुणे, नाशिक, सातारा या भागांत वळीव दरवर्षीचाच आहे. मुंबईवर मात्र तो क्वचित येतो, कारण खाऱ्या वाऱ्याचा थर ढगांना वर वाढू देत नाही आणि वरचे वारे बहुधा त्यांना पूर्वेकडे नेतात. ज्या दिवशी वरचे वारे पूर्वेचे असतात त्या दिवशी हे ढग किनाऱ्याकडे सरकतात. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाळतो, त्यामुळे हवा थंड आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. बांधकामांची आणि मोकळ्या मैदानांची धूळ या झोतात उठली की पाच-दहा मिनिटांत दिवसाची संध्याकाळ होते.

13 मे 2024 च्या दुपारी हेच घडले. घाटकोपर पूर्वेला छेडानगर येथे पेट्रोल पंपावर 120 फूट लांब आणि तितकेच उंच होर्डिंग कोसळून 17 जण मरण पावले आणि सत्तरहून अधिक जखमी झाले, वडाळ्याला पार्किंगचा लोखंडी मनोरा पडला, आणि विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला. त्या दिवसाविषयी ‘असा वारा मुंबईने कधी पाहिला नव्हता’ असे बोलले गेले. वारा जोरदार होता, पण अभूतपूर्व नव्हता. अभूतपूर्व होते ते फलकाचे आकारमान. शहरात 40 बाय 40 फुटांची मर्यादा होती आणि हा फलक क्षेत्रफळाने तिच्या नऊपट होता. हिशेब साधा आहे: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 90 किलोमीटरचा झोत समोरच्या सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे 38 किलो वजनाइतका दाब देतो, आणि त्या फलकाचे क्षेत्रफळ सुमारे 1,340 चौरस मीटर होते, म्हणजे एकूण भार पन्नास टनांच्या घरात जातो. हा भार पायाने पेलायचा असतो. अशा झोताची सूचना रडारवर अर्धा-पाऊण तास आधी मिळते, त्याहून लवकर सहसा मिळत नाही, आणि तेवढ्या वेळात फलक उतरवता येत नाही. म्हणून या बाबतीत हवामानाच्या अंदाजाकडून फार अपेक्षा न करता बांधकामाच्या परवान्याकडूनच ती करायला हवी.

तिसरा आणि सर्वांत जुना धोका चक्रीवादळाचा. खोट्या 1882 पेक्षा खऱ्या 1618 कडे लक्ष द्यावे. त्या वर्षीच्या मे महिन्यात, वसई आणि मुंबई पोर्तुगीजांकडे असताना, या किनाऱ्यावर भयंकर वादळ आल्याची वर्णने आहेत आणि त्यांत सुमारे दोन हजार माणसे व साठ जहाजे गेल्याचे लिहिले आहे. आकड्यांत त्या काळची अतिशयोक्ती असेलही, पण वादळाचा काळ, म्हणजे मे, हवामानशास्त्राला धरून आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. मान्सून ऐन भरात असताना वरचे आणि खालचे वारे इतके परस्परविरोधी असतात की वादळाचा उभा स्तंभच टिकत नाही.

मग मुंबईवर थेट आघात इतके विरळ का? उन्हाळी वादळे बहुधा केरळ-लक्षद्वीपच्या पश्चिमेस जन्मतात आणि उत्तर-वायव्येकडे सरकत गुजरातकडे किंवा ओमानकडे जातात. आपला किनारा त्यांच्या मार्गाला जवळपास समांतर असल्यामुळे वादळ बाजूने निघून जाते. जून 1998 मध्ये कांडल्यावर गेलेले आणि जून 2023 मध्ये जखाऊजवळ धडकलेले बिपरजॉय ही त्याची उदाहरणे. वाट जरा पूर्वेकडे वळली की मात्र चित्र पालटते. नोव्हेंबर 1948 मध्ये तसे वादळ मुंबईवरच आले होते, पण तो हिवाळ्याच्या तोंडचा काळ. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पिढ्यान् पिढ्या जोपासलेले उत्पन्न काही तासांत गेले. आदल्या दिवशी त्याचा संभाव्य मार्ग मुंबईच्या अगदी जवळून जात होता. मुंबई वाचली ती थोडक्या किलोमीटरांच्या फरकाने, आणि एवढा फरक चोवीस तास आधीच्या अंदाजातील नेहमीच्या चुकीत सहज मावतो.

पुढच्याच वर्षी 17 मे 2021 रोजी तौक्ते मुंबईच्या पश्चिमेकडून, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर राहून गेले. तरीही कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत 230 मिलिमीटर पाऊस पडला, जो मे महिन्यासाठी असाधारण आहे. कोविडचा काळ होता आणि तंबूवजा जम्बो केंद्रांतील सुमारे 580 रुग्णांना महापालिकेने वेळेआधी पक्क्या इमारतींत हलवले. या कामाची दखल पुरेशी घेतली गेली नाही असे मला वाटते. समुद्रात मात्र बॉम्बे हाय या तेलक्षेत्राच्या परिसरात पी-305 हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याची सपाट नौका, बुडाला. त्यावर 261 जण होते. नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांतील 186 जणांना खवळलेल्या समुद्रातून बाहेर काढले, पण हा बार्ज आणि वरप्रदा ही टग (ओढनौका) मिळून सत्तरहून अधिक जीव गेले. इशारे काही दिवस आधीपासून दिलेले होते, आणि त्यामुळेच या मृत्यूंचे दुःख अधिक आहे.

अरबी समुद्र गेल्या काही दशकांत 1.2 ते 1.4 अंशांनी तापला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासात 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. चक्रीवादळांची पद्धतशीर यादी आपल्याकडे 1891 पासूनची आहे, पण उपग्रहांपूर्वीच्या काळात समुद्रातच विरलेली अनेक वादळे तीत सुटली असणार. म्हणून शंभर वर्षांच्या तुलनेपेक्षा मी या अलीकडच्या दशकांच्या तुलनेवर अधिक विश्वास ठेवतो. धोका वाढतो आहे, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यात भरतीची भर पडते. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. वादळाची लाट ओहोटीला आली तर शहराला कळणारही नाही, आणि उधाणाच्या भरतीला आली तर दादर, वरळी, गिरगाव येथील सखल भागांत समुद्र शिरेल.

शेवटी मे महिन्यातील पावसाविषयी. 26 मे 2025 रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख 11 जून आहे. याआधीची सर्वांत लवकरची तारीख 29 मे होती, आणि ती 1956, 1962 व 1971 या तीन वर्षी आली होती. त्याच सकाळी कुलाब्याचा मे महिन्याचा पाऊस 295 मिलिमीटरवर पोहोचला आणि मे 1918 चा 279.4 मिलिमीटरचा विक्रम मोडला. आचार्य अत्रे चौक येथील नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. 1918 चे उदाहरण मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण त्या वर्षी केरळात मान्सून 11 मे रोजीच आला होता, मुंबईत मे महिना भिजून निघाला होता, आणि पुढे तेच वर्ष देशातील मोठ्या दुष्काळाचे ठरले. लवकर आलेल्या पावसावरून पुढच्या चार महिन्यांचा अंदाज बांधू नये.

शहराचे कामकाज मात्र अजून 11 जूनच्या हिशेबाने चालते. नालेसफाईची मुदत 31 मे धरली जाते आणि मासेमारी बंदी 1 जूनला सुरू होते. 2025 मध्ये पाऊस आला तेव्हा या बंदीला सहा दिवस बाकी होते. तौक्ते 17 मे रोजी आले, घाटकोपरची दुर्घटना 13 मे रोजी झाली, आणि 1918 व 2025 चे मोठे पाऊसही मे महिन्यातच पडले. त्यामुळे नाले, झाडांच्या फांद्या, होर्डिंग आणि बांधकामावरील क्रेन यांची तपासणी 10 मेपर्यंत पुरी व्हावी, आणि उष्णतेची तयारी त्याच्याही आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, असे माझे मत आहे.